पितळी प्रागा, छापील प्रागा

…आणि वर तो माणूस चांगला आहे हो. तेच तर खरं दुखणं आहे. वाईट असता तर मी केव्हाच मोकळी झाले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, क्लब सोडला असता, पण लुबोर चांगला आहे, भेटला की हसतो, म्हाताऱ्यांना हात धरून चर्चच्या पायऱ्या चढवतो, आणि शिवाय दातांचा डॉक्टर आहे, आजूबाजूच्या गावांत एकुलता एक, म्हणजे त्याच्याशी भांडण काढायचं तर आधी सगळे दात पाडून घ्यायला हवेत. आणि पाडणार कोण? तोच.

मी जळत नाही हां. मी तत्त्वाचं बोलते.

आता मला सांगा, माणूस एखाद्या गोष्टीला दोन वर्षं देतो ते कशासाठी देतो? टाळ्यांसाठी? छे. निदान मी तरी नाही. आमच्या गावच्या अग्निशामक पथकाकडे पूर्वी एक प्रागा ट्रक होता. पथक म्हणजे पगारी लोक नव्हेत, आपलेच सुतार, मास्तर, बेकरीवाले, भोंगा झाला की हातातलं टाकून पळणारे. तर त्यांचा तो ट्रक. सदतीस सालचा, लाल, लांब नाकाचा, डोक्यावर शिडी, बाजूला पितळी घंटा. मी जन्मायच्या आधीच तो भंगारात गेला. उरलं काय, तर खानावळीच्या भिंतीवर एक फोटो, आणि तोसुद्धा बिअरच्या पिंपांच्या मागे. मी लहानपणापासून तो फोटो बघत आलेय. ब्रनो शहरात जाऊन इंजिनीअर झाले, परत आले, कारखान्यात दिवसभर पंपांची ड्रॉइंगं काढते, आणि एक दिवस ठरवलं की हा ट्रक आपण पुन्हा बनवायचा. एकास दहा, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या हिश्शाचा. रिमोटवर चालणारा. आणि खरा. म्हणजे काय, तर जिथे खऱ्याला रिव्हेट तिथे माझ्याला रिव्हेट. खऱ्याचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पोलादी, तर माझेही पोलादी, एकावर एक, वाकवून, बांधून. जाळी पितळेच्या तारांची, एकेक तार हाताने डाख देऊन बसवलेली. सीटला खरं चामडं, आईची पर्स कापली, आई आठवडाभर बोलत नव्हती. दूरच्या एका संग्रहालयात तसाच ट्रक आहे म्हणून कळलं तर तिथे जाऊन त्याच्याखाली आडवी झाले, मापं घेत, तर रखवालदार येऊन म्हणतो, "बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय, जरा तुमची टॉर्च धरता का?" धरली बिचाऱ्याने. बंद व्हायची वेळ होईपर्यंत धरली.

कारण मला वाटतं, जगात सगळीकडे चाललंय ते चालू द्या, वरून चकचकीत आणि आतून पोकळ, पण एक वस्तू, निदान एक, आतूनसुद्धा खरी असावी. हसू नका. मी मनापासून बोलतेय.

आणि मग एका गुरुवारी, आमचा मॉडेलवाल्यांचा क्लब गुरुवारी भरतो, जुन्या शाळेच्या तळघरात, लुबोर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तोपर्यंत तो शिडाच्या बोटी करायचा, छान करायचा, तळ्यात सोडायचा, कुणाची काही तक्रार नव्हती. तो माझ्या ट्रककडे बघत राहिला, हात मागे बांधून, आणि म्हणाला, "वेंडुला, तुझं बघून इतका हुरूप आला बघ. म्हटलं आपणही एक प्रागा करावा."

एक प्रागा करावा. जसं काही एक ऑम्लेट करावं.

आणि केला हो. त्याच्या दवाखान्यात ते मशीन आहे ना, दाताची टोपी छापून देणारं, त्याचं म्हणे मोठं भावंडही त्याने घेतलंय, तर त्यावर त्याने ट्रक छापला. बॉनेट छापलं. मडगार्डं छापली. रिव्हेट छापले! मी रिव्हेटच्या पायी डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला आणि हा माणूस एका पेशंटच्या अकलदाढेला भूल चढेपर्यंत सगळी डावी बाजू छापून मोकळा होतो. आणि क्लबातले लोक त्याच्याभोवती गोळा. "काय गुळगुळीत आलंय, डॉक्टर." "दार उघडतं का हो, डॉक्टर?" माझं दार वर्षभर उघडत होतं, कुणी विचारलं नाही.

पण मी जळत नाही. मी तत्त्वाचं बोलते.

आता इथवर असतं तरी मी गिळलं असतं. पण मध्येच आल्फोन्स काका उपटले. आल्फोन्स काका म्हणजे अग्निशामक पथकाचे प्रमुख, आणि गावचे खाटीक, त्यामुळे आवाज दोन्ही धंद्यांना पुरेल इतका. ते तळघराच्या जिन्यात उभे राहून म्हणाले, "पोरांनो, पथकाला नवी गाडी येतेय. मे महिन्यात. फादर येऊन आशीर्वाद देणार, बँड लागणार, आणि गाडीची धर्ममाता म्हणून बेकरीवाली द्राहोमिरा ठरलीय." आमच्याकडे आगीच्या गाडीलाही बाळासारखी धर्ममाता लागते, ती किल्ली स्वीकारते, गाडीवर दारू शिंपडते आणि मग जन्मभर त्या गाडीची काळजी वाहते. "तर माझ्या डोक्यात असं आलंय," काका म्हणाले, "की किल्ली कुणी माणसाने नेऊन द्यायची नाही. जुन्या गाडीने नव्या गाडीची किल्ली आणायची. चर्चपासून पथकाच्या दारापर्यंत. आपली आपण, चालत. तुमच्यापैकी कुणाचा तो प्रागा झालाय का?"

माझ्या छातीत काय झालं तुम्हाला सांगू? याच्यासाठीच तर केला होता मी तो. मला माहीतसुद्धा नव्हतं आणि याच्यासाठीच केला होता. तो ट्रक पुन्हा आपल्या गावातून जाणार, आपल्या लोकांच्या मधून, भिंतीवरच्या फोटोतून उतरून… मी हात वर केला.

लुबोरनेही केला.

काका म्हणाले, "अरे वा, दोन-दोन. मग पुढच्या महिन्यात चालवून बघू. जो बरा दिसेल आणि बरा चालेल तो."

आता खरी गोष्ट ऐका, इथेच मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. डाख देताना तार दातात धरायची सवय आहे मला, वाईट सवय आहे, मान्य, तर समोरच्या दाताचा टवका उडाला. जायचं कुणाकडे? दुसरा डॉक्टर तीन गावांपलीकडे, आणि त्याच्याकडे नंबर लागेपर्यंत उरलेले दातही जातील. गेले लुबोरकडे. खुर्चीत झोपवलं, दिवा डोळ्यांवर, भूल दिली, तोंडात ती नळी सूं सूं करतेय, आणि हा गृहस्थ सुरू झाला, "मोठा आ… अजून… छान. तर मी काय म्हणत होतो, कालच केबिन पूर्ण झाली. स्टिअरिंग बसवलं. डावीकडे."

मी म्हटलं, "आँ."

"हो ना, डावीकडे. इतकं गोड दिसतंय."

"आँ! आँ आँ!"

"दुखतंय का? थांब, अजून जरा भूल देतो."

डावीकडे! सदतीस साली आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायच्या हो, उजव्या बाजूने चालायला लागल्या त्या नंतर. तेव्हाच्या प्रागाचं स्टिअरिंग उजवीकडे. फोटोत दिसतंय, उजवीकडे बसलाय ड्रायव्हर, कोपर बाहेर काढून. म्हणजे लुबोरचा ट्रक चुकलेला, मुळातच चुकलेला, आणि हे सगळ्या गावात फक्त मला माहीत. आता कुठल्याही शहाण्या बाईने काय केलं असतं? गप्प बसली असती. भूल होतीच तोंडात, देवानेच सोय केली होती. चाचणीच्या दिवशी सगळ्यांसमोर हळूच म्हटलं असतं, "डॉक्टर, स्टिअरिंग बघा बरं," आणि संपलं असतं.

मी काय केलं? खुर्चीतून उठले, ओठ लोंबतोय, हनुवटीवरून लाळ गळतेय, आणि म्हटलं, "उवीकडे."

"काय?"

"श्टिअविंग. उवीकडे हवं."

कारण माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं, ट्रक गावातून जातोय, पोरं बघतायत, आणि जन्मभर त्यांच्या डोक्यात राहणार की आपला ट्रक असा होता, डावीकडे ड्रायव्हरचा. ते मला सहन होईना. दुसऱ्याचा ट्रक, ज्याने मला हरवायचंय त्याचा ट्रक, पण चुकीचा कसा असू द्यायचा? आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर काय, मडगार्डची कड उलटी वळलीय हे सांगितलं, घंटा डाव्या दाराच्या मागे नाही तर पुढे हे सांगितलं, शिडीला पायऱ्या जास्त झाल्यात, लाल रंग फार टोमॅटोसारखा आहे, खरा जरा विटेकडे झुकणारा होता, तो मी कसा मिसळते तेही सांगितलं. कागद मागितला त्याच्याकडे आणि पाट्यांची आकृती काढून दिली. मापांसकट. बाहेर पेशंट खोळंबलेत, आणि आम्ही दोघं दातांच्या साच्यांमध्ये कोपर टेकून. तो म्हणाला, "वेंडुला, तू नसतीस तर मी गावात हसं करून घेतलं असतं." आणि हे त्याने इतक्या खऱ्या मनाने म्हटलं की मला रडू आलं. त्याला वाटलं दात.

दोन दिवसांत त्याने सगळं पुन्हा छापलं. दोन दिवसांत. माझी दोन वर्षं, त्याचे दोन दिवस, आणि आता दोन्ही ट्रक सारखे. नाही, खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा सरळ होता. माझ्या जाळीची एक तार जराशी… जाऊ द्या.

मग आली चाचणी. रविवारची, प्रार्थना सुटल्यावर, चर्चपासून पथकाच्या दारापर्यंत. आधी लुबोरचा ट्रक सोडला, तो आपला टुकटुक करत दगडी फरशांवरून गेला, वळला, दारात थांबला, दिवे लुकलुकवले. टाळ्या. मग माझा. आता माझा ट्रक पितळेचा आहे, उचलायला दम लागतो, मी तो जुन्या बाबागाडीत घालून नेते, वाटेत बायका कौतुकाने आत डोकावतात आणि दचकतात. आणि मी काय केलं होतं, तर वेगसुद्धा खरा ठेवला होता. खरा ट्रक मिरवणुकीत, पहिल्या गिअरमध्ये, ताशी जितका जायचा त्याच्या एक दशांश. गिअर तसेच कापले, हाताने कापले. हिशेबाने अगदी बरोबर. पण तुम्हाला सांगते, माझा ट्रक एकास दहा होता, आणि रस्ता एकास एक.

चालला हो. थांबला नाही कुठे. एकेका फरशीवर असा डौलात चढायचा, पाटे वाकायचे, सुटायचे, बघत राहावं असं… पण बँडवाल्यांनी हौसेने संचलनाची धून धरली होती, ती संपली. पुन्हा धरली. पुन्हा संपली. ट्रक अजून खाटीकखान्यापाशी. तुतारीवाला खाली बसला. द्राहोमिरा मावशी मला म्हणाल्या, "पोरी, ओव्हनमध्ये कोलाच आहेत माझे, बघून येऊ का गं तोवर?" गेल्या, बघितले, काढले, त्या गोड पावांवर पिठीसाखर पेरली, परत आल्या, तेव्हा ट्रक दारात पोचत होता. आल्फोन्स काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खाटकाचा हात, जड असतो. म्हणाले, "वेंडुले, फार सुंदर आहे. पण फादरांचं वय बघता…"

ठरलं. डॉक्टरांचा ट्रक.

मी जळले नाही. मी घरी गेले आणि कानशीने एक अख्खा पितळी पत्रा घासून काढला, काही बनवायचं म्हणून नाही, नुसताच.

मे महिन्यात समारंभाला गेले. बाबागाडी घेऊन गेले. का? सहज. ट्रकला जरा हवा लागावी म्हणून. पथकवाले हेल्मेट घालून दोन रांगांत उभे, पलीकडे नवी गाडी, तिच्या नाकावर फुलांचा हार, द्राहोमिरा मावशी सणाच्या पोशाखात, परकराचे सगळे थर घालून, हात पुढे करून तयार. आणि लुबोरचा ट्रक निघाला, पाठीवर लाल उशी, उशीवर किल्ली. माझ्या विटकरी लाल रंगाचा. माझ्या पाट्यांवर डुलत. उजवीकडे छापील ड्रायव्हर, कोपर बाहेर. आणि समोरच्या म्हाताऱ्या आजी, काठी टेकून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं बाई, आपलाच तो." आणि रडायला लागल्या. तुम्हाला सांगते, ते रडू माझं होतं. माझ्या नावावर जमा व्हायला हवं होतं ते. आणि ते गेलं एका छापील खोक्याला.

इतक्यात फादर क्रिश्पिन पुढे झाले. त्यांना कार्यक्रमात इतक्यात पुढे व्हायचं नव्हतं, पण ट्रक बघून त्यांना राहवेना. म्हणाले, "हेही लेकरूच की," आणि घातलं पवित्र पाणी. आता फादरांना बाग आहे कोबीची, त्यांचा पाणी घालायचा हात त्या मापाचा. सपकन गेलं ते पाणी उघड्या खिडकीतून सरळ आत, रिसिव्हरवर. ट्रक थरथरला, स्वतःभोवती अर्धा फिरला आणि बसला. दिवे गेले. बँड एकेक वाद्य करत थांबला.

मला काय वाटलं ते विचारू नका. बरं, विचारा. आनंद झाला. असा आनंद, पोटातून वर येणारा, की मी तोंडावर हात धरला. बाबागाडीवरची चादर काढली. दोन वर्षं, म्हटलं, आता. पुढे गेले आणि काकांना म्हटलं, "किल्ली द्या, माझ्यात ठेवते."

काका म्हणाले, "किल्लीला हात लावायचा नाही."

"अहो पण…"

"वेंडुले, हाताने उचलली तर पहिल्याच आगीला गाडी चालू होणार नाही. जुन्याने आणायची म्हणजे जुन्यानेच. ज्याने उचललीय त्याने."

पथकवाले सगळे माना डोलावतायत. हेल्मेट घातलेली शहाणीसुरती माणसं. मी लुबोरकडे बघितलं. त्याच्या हातात मेलेला रिमोट, कान लाल झालेले, आणि तो हळूच म्हणाला, "वेंडुला, तुझ्या ट्रकला मागे हुक आहे ना?"

हुक आहे का म्हणे. खऱ्याला आहे तर माझ्याला नसेल?

बुटाची नाडी सोडली, त्याचा ट्रक माझ्या ट्रकला बांधला, आणि निघाले. माझा पितळी प्रागा पुढे, त्याचा छापील प्रागा मागे, मागच्याच्या पाठीवर किल्ली. ओढायला काय कमी होतं हो त्याला, खऱ्याचंच बळ होतं. बँडने धून धरली, संपली, पुन्हा धरली, आणि या वेळी कुणी बसलं नाही. म्हाताऱ्या आजी गर्दीतून बाहेर येऊन काठी टेकत बरोबर चालायला लागल्या, आणि त्याच पुढे गेल्या. द्राहोमिरा मावशींनी वाकून किल्ली घेतली तेव्हा टाळ्या अशा पडल्या की नव्या गाडीचा भोंगासुद्धा ऐकू आला नाही.

आणि मग लोक धावले. कुणाकडे? लुबोरकडे. "काय कल्पना लढवलीत, डॉक्टर! बंद पडल्याचं नाटक, मग ओढून नेणं, वा!" तो बिचारा सांगतोय, "अहो नाटक नव्हतं, हिच्यामुळे झालं, सगळं हिचंच आहे." तर लोक म्हणतात, "आणि किती साधे आहेत बघा."

संध्याकाळी खानावळीत आल्फोन्स काका टेबलावर मूठ आपटून उभे राहिले. म्हणाले, आता ही आपल्या गावची रीत. दर मे महिन्यात मिरवणूक, डॉक्टरांचा ट्रक मानाचा, फादरांनी पाणी घालायचं, तो बंद पडायचा, आणि वेंडुलाने ओढायचा. हात वर करा. सगळ्यांनी केले. लुबोरने माझ्यासाठी म्हणून दोन्ही केले. "फक्त एक," काका मला म्हणाले, "दोन्ही लाल असले की लोकांचा गोंधळ होतो, पोरी. तुझा ओढणारा आहे, ओढणाऱ्या गाड्या पिवळ्या असतात, तर त्याला तू पिवळा मार."

पिवळा. माझ्या प्रागाला. मी उठलेच होते सांगायला, की हा अग्निशामक ट्रक आहे, हा खरा आहे, खऱ्याला कुणी पिवळा मारला नव्हता, आणि मी क्लब सोडतेय, गाव सोडतेय, दातसुद्धा दुसरीकडे दाखवीन… सगळे माझ्याकडे बघत होते, ग्लास हातात धरून.

तर आता मी हे शोधतेय, की त्या काळात बंद गाड्या ओढणाऱ्या गाड्या पिवळ्या असायच्या म्हणजे नेमक्या कसल्या पिवळ्या, मोहरीसारख्या की लिंबासारख्या, आणि दाराची कड काळी होती का. कुणालाच नीट माहीत नाही. संग्रहालयाच्या रखवालदाराला फोन केलाय, तो टॉर्च घेऊन बघून सांगणार आहे. सापडलं की तुम्हाला सांगते. लुबोरला सांगणार नाही… म्हणजे तो विचारेपर्यंत तरी.